उंच केलेली जुनी पिकअप मूळ उंचीवर आणायची? नुसते पाटे काढून भागत नाही

खेड्यापाड्यात जुनी पिकअप घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नवी गाडी परवडत नाही आणि माल तर बाजारात न्यायचाच असतो. मात्र यातल्या बऱ्याच गाड्या आधी वीट, मुरूम, खडी वाहून आलेल्या असतात. जादा वजन पेलावं म्हणून आधीच्या मालकाने मागे दोन-तीन पाटे वाढवलेले असतात, कुठे पाटे आणि हाऊसिंगच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातलेले असतात. रिकामी गाडी मागून टोळासारखी उभी दिसते.

अशी गाडी शेतमालासाठी घेतली की त्रास सुरू होतो. कडक पाट्यांवर हलका माल उड्या खातो. टोमॅटोचे क्रेट किंवा द्राक्षाच्या पेट्या बाजारात पोहोचेपर्यंत खालचा थर दबलेला असतो. मग मालक गॅरेजला जाऊन जादा पाटे काढायला सांगतो. इथेच चूक होण्याची शक्यता असते, कारण उंचीशी ब्रेक, हेडलाईट आणि शाफ्टही जोडलेले असतात.

पाटे वाढवले म्हणून क्षमता वाढत नाही

गाडीने किती वजन न्यायचं हे चेसिस, हाऊसिंग, बेअरिंग, टायर आणि ब्रेक मिळून ठरवतात. पाटे वाढवले तर गाडी फक्त बसत नाही, बाकी सगळं तेवढंच राहतं. आरसी बुकावरचं पासिंगचं वजनही तेच राहतं. उलट हौदा उंच गेल्याने गाडीचा तोल वर सरकतो आणि घाटातल्या वळणावर गाडी कलंडायचा धोका वाढतो.

आधी मोजमाप

गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करावी. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा असावी. चाकाच्या मधोमध असलेल्या हबपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजावं. चारही चाकांची मापं वहीत लिहून ठेवावीत. त्याच मॉडेलची, बदल न केलेली गाडी गावात असेल तर तिचीही मापं घ्यावीत. पाटे किती आणि किती जाडीचे आहेत तेही दोन्ही गाड्यांचं ताडून पाहावं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मूळ पाट्यांची संख्या विचारता येते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही पिकअपना कंपनीकडूनच एक-दोन जाड, जवळपास सरळ पाटे येतात. गाडी भरल्यावरच त्यांच्यावर भार येतो. ते जादा समजून काढले तर भरलेली गाडी खाली टेकते.

काम करताना

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. चेसिसखाली मजबूत घोड्या लावाव्यात आणि पुढच्या चाकांना ओट लावावी. पाट्यांचा गठ्ठा ताणात असतो. सेंटर बोल्ट सैल करण्याआधी गठ्ठा क्लॅम्पमध्ये आवळून धरावा लागतो, नाही तर पाटे उसळून हात-तोंड फुटू शकतं. हे काम पाट्याच्या कारागिराकडूनच करून घ्यावं.

यू-बोल्ट नवेच टाकावेत. जुने बोल्ट ताणलेले असतात, शिवाय ठोकळ्यांसाठी लावलेले असतील तर लांबही असतात. त्यांना वॉशर लावून काम भागवू नये. नट आळीपाळीने, समोरासमोरचे आवळावेत. शॅकलच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळावेत. गाडी उचललेली असताना आवळले तर बूश पिळलेल्या स्थितीत राहतात आणि लवकर फाटतात. चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत.

जादा पाटे काढल्यावर अनेकदा गाडी मूळ उंचीपेक्षाही खाली बसते. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने मूळ पाट्यांचा बाक गेलेला असतो. अशा वेळी पाट्यांना पुन्हा बाक देता येतो, पण पाणी नीट चढवलं नाही तर ते काही महिन्यांत परत बसतात. तडा गेलेला पाटा असेल तर विषय संपला, नवा टाकायचा. पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे सोबत बदलावेत, एका बाजूचे बदलले तर गाडी कलते.

गॅसने तापवून स्प्रिंग बसवणं किंवा कॉइल स्प्रिंगचे वेढे कापणं हा उपाय कुणी सुचवला तर तिथून गाडी काढून घ्यावी. तापवलेल्या स्प्रिंगचा जोर जातो आणि ती चालत्या गाडीत तुटू शकते.

ब्रेकचा व्हॉल्व्ह: सगळ्यात महत्त्वाचं

बऱ्याच पिकअपच्या मागच्या हाऊसिंगजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी एका टोकाला हाऊसिंगशी जोडलेली असते. गाडी भरून खाली बसली की दांडी हलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जोर जास्त मिळतो. गाडी रिकामी असली की जोर कमी होतो.

पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा नीट बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, मागचे ब्रेक कमी लागतात आणि गाडी लांब जाऊन थांबते. यावर तोडगा म्हणून काही जण दांडी वाकवतात किंवा तारेने बांधून टाकतात. गाडी मूळ उंचीवर आणल्यावर ती दांडी तशीच राहिली तर उलटं होतं. रिकाम्या गाडीला व्हॉल्व्ह भरलेली समजतो, पावसात ब्रेक दाबताच मागची चाकं जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग फिरतो. म्हणून पाट्याचं काम झालं की दांडी कंपनीच्या मापावर लावून घेणं सगळ्यात आधी. मग मोकळ्या जागेत कमी वेगात, रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही वेळा ब्रेक मारून पाहावा.

आणखी काय तपासावं

• शॉकअप: उंच गाडीला लांब शॉकअप लावलेले असतील तर मूळ उंचीवर ते खड्ड्यात तळाला आपटतात. मूळ मापाचे टाकावेत.
• रबरी ठोके: चेसिसखालचे रबर फाटलेले किंवा गायब असतील तर नवे बसवावेत.
• ब्रेकचा पाईप: लांब पाईप लावलेला असेल तर तो लोंबतो आणि चाकाला घासतो.
• प्रोपेलर शाफ्ट: हाऊसिंगचा कोन जुळवायला पाचर घातलेली असेल तर काढावी. गाडी थरथरली तर शाफ्टचे क्रॉस तपासावेत.
• पुढची बाजू: पुढेही उंची वाढवलेली असेल तर दोन्ही बाजू सारख्याच खाली घ्याव्यात आणि नंतर अलाईनमेंट करावी, नाही तर टायर एका कडेने झिजतात.
• टायर: मोठे टायर घातलेले असतील तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. मूळ साईजवर यावं.
• हेडलाईट: मागची बाजू खाली आली की प्रकाश वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. भिंतीवर झोत पाडून दिवे खाली करून घ्यावेत.

पासिंग आणि कायदा

मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. म्हणजे जुन्या पिकअपला दरवर्षी तपासणीला सामोरं जावंच लागतं. मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. जादा माल भरल्यास 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाकडूनच घेतला जातो.

जुनी पिकअप बघायला जाताना खाली वाकून पाटे मोजावेत, ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी पाहावी आणि दुरुस्तीचा अंदाज काढून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगावी. काम झाल्यावर गॅरेजचं बिल आणि आधी-नंतरची मापं जपून ठेवावीत. पुढच्या वर्षी तीच मापं घेतली की पाटे बसत चाललेत का ते लगेच कळतं.