नागपूरच्या उन्हात सुपरचार्जर? इंजिनला पहिला 'ब्लोअर' लावण्याआधी हे वाचाच!

मे महिन्यातलं नागपूर. नवतपा सुरू झालाय. दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि घरातला कूलर जीव तोडून फिरतोय. अशा वेळी सावलीत उभ्या असलेल्या व्ही-एट गाडीच्या मालकाच्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत असतो: "हिला सुपरचार्जर लावला तर?"

मंडळी, बॉनेटमधून डोकं वर काढणारा चकचकीत ब्लोअर आणि त्याची ती शिट्टी रील्समध्ये पाहिली की कुणालाही मोह होतो. पण त्या रील्स बनतात अमेरिकेतल्या हवेत आणि तिथल्या पेट्रोलवर. आपल्याकडे पहिला सुपरचार्जर निवडताना "किती हॉर्सपॉवर वाढेल?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी विचारायचं, "उष्णतेचं काय करणार?" असं का, ते आज समजून घेऊया.

सुपरचार्जर करतो तरी काय?

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे जास्त ताकद हवी असेल तर नुसतं जास्त पेट्रोल ओतून भागत नाही, जास्त हवाही आत जायला हवी. साधं इंजिन ही हवा स्वतः ओढून घेतं. सुपरचार्जर ती दाबून आत कोंबतो. या जास्तीच्या दाबाला म्हणतात 'बूस्ट' आणि तो बहुतेक वेळा पीएसआयमध्ये मोजतात.

टर्बोही हेच काम करतो, पण तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंवर फिरतो. सुपरचार्जर फिरतो इंजिनच्याच बेल्टवर. त्यामुळे तो पाय दाबताच साथ देतो, पण त्या बदल्यात इंजिनची थोडी ताकद स्वतःच खातो. फुकट काहीच नाही!

आपल्याकडे मसल कार आहेत कुठे?

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून हा प्रकार अमेरिकेत गाजला. भारतात फोर्डनं २०१६ मध्ये उजव्या स्टिअरिंगची मस्टँग जीटी आणली. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, सुमारे ४०० हॉर्सपॉवर आणि दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ६५ लाख. आपली देशी मसल कार म्हणायची तर ती कॉन्टेसा. हिंदुस्थान मोटर्सची ही लांब नाकाची गाडी नंतर इसुझूच्या १.८ लिटर इंजिनासह मिळू लागली. तिची ताकद फार नव्हती, पण रुबाब असा की आजही लोक ती शोधून काढतात आणि नव्यानं सजवतात.

सुपरचार्जरचे तीन प्रकार

१) रूट्स: सगळ्यात जुना. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारी नव्हत्याच. हे यंत्र भट्ट्यांना हवा पुरवायचं. दोन रोटर हवा ढकलत राहतात आणि अगदी कमी आरपीएमपासून जोर मिळतो. पण जुन्या पद्धतीचा रूट्स हवा सगळ्यात जास्त तापवतो. अलीकडच्या पिळदार रोटरच्या रूट्सनं हा दोष बराच कमी केलाय.

२) ट्विन स्क्रू: यात एकमेकांत गुंतलेले दोन स्क्रू हवा आतल्या आत दाबतात. जोर खालूनच मिळतो आणि हवा रूट्सपेक्षा कमी तापते. पण बनवायला किचकट, म्हणून महाग. ७०७ हॉर्सपॉवरच्या डॉज हेलकॅटमध्ये २.४ लिटरचा ट्विन स्क्रूच होता.

३) सेंट्रिफ्युगल: दिसायला टर्बोच्या अर्ध्या भागासारखा, पण बेल्टवर फिरणारा. याचा बूस्ट आरपीएमबरोबर वाढत जातो. सिग्नलवर, गर्दीत जवळपास शून्य आणि वरच्या आरपीएमला पूर्ण. तो इंजिनच्या डोक्यावर न बसता बाजूला बसतो आणि हवा तुलनेनं कमी तापवतो.

आता नागपूरचं गणित

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, आठवतंय? हवा दाबली की तापते. सुपरचार्जरमध्ये नेमकं हेच होतं.

समजा बाहेर २० अंश तापमान आहे आणि ७ पीएसआय बूस्ट द्यायचाय. ६० टक्के कार्यक्षमतेच्या ब्लोअरमधून हवा साधारण ८० अंशांची होऊन बाहेर पडते. तोच ब्लोअर ४५ अंशांच्या नागपुरात लावा, हवा येते जवळपास ११० अंशांची! पाणी उकळतं त्याच्याही वर. ७५ टक्के कार्यक्षमतेचा ब्लोअर असेल तर हाच आकडा शंभराच्या थोडा आत राहतो. कॅटलॉगमधला हा 'एफिशियन्सी'चा आकडा आपल्यासाठी हॉर्सपॉवरइतकाच महत्त्वाचा आहे, तो यासाठी.

दुसरी गोष्ट. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे आणि गरम हवा विरळ असते. समुद्रकिनाऱ्यावरच्या १५ अंशांच्या हवेशी तुलना केली, तर ४५ अंशांच्या दुपारी नागपूरच्या हवेची घनता साधारण १२ ते १३ टक्के कमी भरते. म्हणजे सुपरचार्जरची पहिली मेहनत ही घट भरून काढण्यातच जाते.

उपाय? इंटरकूलर. इंजिनमध्ये जाण्याआधी ही तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर. तो मुख्यतः दोन प्रकारचा असतो: वाऱ्यानं थंड होणारा आणि पाण्यानं थंड होणारा. पण दोघेही शेवटी उष्णता बाहेरच्या हवेतच सोडतात, त्यामुळे हवा बाहेरच्या तापमानाच्या खाली जात नाही. ४५ अंशांच्या दुपारी इंजिनला ४५ पेक्षा थंड हवा मिळणार नाही हे गृहीत धरा. आपल्याला कूलर म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. मे महिन्यात नुसत्या पंख्यावर झोपणं आणि इंटरकूलरशिवाय सुपरचार्जर लावणं, दोन्ही सारखंच!

पेट्रोलचा घोळ: ९१ म्हणजे नेमकं किती?

इथे अनेकजण फसतात. हवा जास्त गरम आणि दाब जास्त असला की पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच जागोजागी पेट घेतं. याला म्हणतात 'नॉकिंग'. आवाज येतो खडखडाटाचा आणि हे चालू राहिलं तर पिस्टनला भोकही पडू शकतं. नॉकिंग सहन करण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन.

अमेरिकन किटवर लिहिलेलं असतं, '९१ ऑक्टेन पेट्रोल वापरा'. आपण म्हणतो, "अरे, ९१ तर आपल्याकडे होतंच!" पण मोजायची पद्धत वेगळी आहे, राव. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. आपल्याकडे फक्त आरओएन हा आकडा सांगतात आणि तो नेहमी मोठा असतो. अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५ ते ९६. आपलं पूर्वीचं साधं पेट्रोल ९१ आरओएनचं, तर ई-२० चा दर्जा ९५ आरओएन. इंडियन ऑइलनं १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आणलं, पण पहिल्या दहा शहरांच्या यादीत मुंबई-पुणे होते, नागपूर नव्हतं. म्हणून आपल्या रोजच्या पंपावर काय मिळतं ते आधी पाहा आणि मगच किट निवडा.

ई-२० चा आणखी एक मुद्दा. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, म्हणून तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावं लागतं. २० टक्के इथेनॉल असेल तर हवेचं प्रमाण १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतं. किटसोबत आलेलं परदेशी मॅपिंग जसंच्या तसं टाकलं, तर मिश्रण 'लीन' होण्याचा, म्हणजे इंधन कमी पडण्याचा धोका असतो. कॉन्टेसासारख्या जुन्या गाडीत तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील आधी बदलावे लागतात.

इंजिन आधीच किती दाबतंय?

२०१६ च्या मस्टँग जीटीचं कॉम्प्रेशन ११ ला १ आहे. म्हणजे सिलिंडरमधली हवा ते मुळातच अकरा पट आकुंचित करतं. कंपन्या स्वतः सुपरचार्जर लावतात तेव्हा हा आकडा आधी खाली आणतात. हेलकॅट आणि २०२० ची शेल्बी जीटी ५००, दोन्हींचं कॉम्प्रेशन ९.५ ला १ आहे. त्यांच्याइतका बूस्ट ११ ला १ च्या इंजिनला नागपुरात द्यायचा, म्हणजे पहिल्यांदा सावजी खाणाऱ्याला थेट वाटीभर रस्सा पाजण्यासारखं आहे.

मग पहिला सुपरचार्जर कोणता?

आमचं मत स्पष्ट आहे. नागपूरसारख्या गावात पहिल्यांदा लावायचा तर सेंट्रिफ्युगल, समोर मोठा इंटरकूलर आणि बूस्ट ५ ते ६ पीएसआयच. गर्दीत तो जवळपास झोपलेला असतो, त्यामुळे इंजिन उगाच तापत नाही. इंटरकूलरला समोरचा वारा मिळतो. आणि पुढे बूस्ट वाढवायचाच झाला तर पुली बदलून तो वाढवता येतो. खालच्या आरपीएमचा तो धक्का हवाच असेल तर ट्विन स्क्रू घ्या, पण त्याच्या पाण्याच्या इंटरकूलरचा रेडिएटर मोठा निवडा. इंजिनच्या डोक्यावर बसलेला ब्लोअर ट्रॅफिकमध्ये तव्यासारखा तापतो.

खर्चाचा क्रमही लक्षात ठेवा:

- आधी इंजिनची तब्येत. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. एकात जरी कमी आलं तर बेत रद्द.
- मग कूलिंग: रेडिएटर, कूलंट, पंखे.
- मग इंधन: मोठे इंजेक्टर, पंप आणि एक नंबर थंड स्पार्क प्लग.
- मग डायनोवर ट्यूनिंग, तेही आपल्याच गावच्या पेट्रोलवर. जानेवारीच्या गारव्यात केलेलं ट्यूनिंग मे महिन्यात पुन्हा तपासा.
- आणि ब्रेक, टायर. गाडी पळवायची आधी थांबवता आली पाहिजे!

यातून सगळं नीट जमलं तर ३० ते ४० टक्के ताकद वाढणं शक्य असतं. पैसे पुरत नसतील तर बूस्ट कमी करा, यादीतली कामं नाही.

आणि हो, कायदा!

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किटसाठी कायद्यात वाट आहे, सुपरचार्जरसाठी तशी वाट नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वर अपघात झाला आणि विमा कंपनीला बदल सांगितलेला नसेल, तर क्लेमही अडकू शकतो.

समृद्धी महामार्ग नागपुरातूनच सुरू होतो हे खरं, पण तिथली वेगमर्यादा कारसाठी ताशी १२० किलोमीटर आहे आणि त्यासाठी मूळ इंजिनच पुरून उरतं. सुपरचार्जरची हौस भागवायची जागा म्हणजे ट्रॅक. चेन्नईजवळचं मद्रास सर्किट, कोईम्बतूरचा कारी स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, किंवा अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यती. गाडी तिथे ट्रकवर चढवून न्यायची, चालवून नाही.

तर मंडळी, सुपरचार्जर ही काही जादूची कांडी नाही. तो इंजिनकडून जे जास्तीचं मागतो, ते सगळं आपल्यालाच पुरवावं लागतं: थंड हवा, चांगलं पेट्रोल आणि भरपूर संयम. तुमच्या ग्रुपमध्ये 'ब्लोअर लावायचाच' म्हणून हटून बसलेला कुणी असेल, तर पुढच्या नवतप्याआधी हा लेख त्याला नक्की पाठवा!