दुरावलेल्या दोघांची एक ध्वनिमुद्रिका

श्रोतेहो, वाटणी होऊन वेगळे झालेले भाऊ एरवीं एकमेकांच्या दारावरून जातांना मानहि वळवीत नाहींत. परंतु घरांतलें वडील माणूस गेलें कीं दोघांनाहि एकाच पंक्तीस बसावें लागतें. त्या दिवशीं ते काय बोलतात आणि काय गिळून टाकतात, यावरून त्या घराचा खरा इतिहास पुष्कळसा कळतो. आज मी आपणांस अशाच एका प्रसंगाची हकीकत सांगणार आहें. प्रसंग न्यूयॉर्कमधील आहे, माणसें गाण्याबजावण्याच्या व्यवसायांतलीं आहेत, आणि या हकीकतीचा मुख्य पुरावा म्हणजे १९९० सालीं निघालेली एक ध्वनिमुद्रिका आहे. तिचें नांव 'साँग्स फॉर ड्रेला', म्हणजे ड्रेलासाठीं रचलेलीं गाणीं.

ही ध्वनिमुद्रिका करणारे दोघे म्हणजे लू रीड आणि जॉन केल. दोघांचाहि जन्म १९४२ सालच्या मार्च महिन्यांतला, अवघ्या एका आठवड्याच्या अंतरानें झालेला. पण साम्य बहुतेक येथेंच संपतें. रीड ब्रुकलिनमध्यें जन्मला आणि तरुणपणीं स्वस्त तबकड्या काढणाऱ्या एका कंपनींत पगारावर गाणीं रचून देऊं लागला. केल हा वेल्समधील गार्नंट गांवचा. तो लंडनमध्यें शिकला आणि १९६३ सालीं शिष्यवृत्ति मिळवून अमेरिकेंत आला. न्यूयॉर्कमध्यें तो ला माँट यंग या संगीतकाराच्या मंडळींत व्हायोला वाजवीत असे. आपल्या गायकांमागें तंबोरा जसा अखंड झंकारत असतो, तसे मोजके स्वर दीर्घ काळ धरून ठेवण्याचा या मंडळींचा प्रयोग होता. याच यंगनें १९७० सालीं किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचें शिष्यत्व पत्करलें, यावरून त्याच्या मनाचा ओढा कोणीकडे होता हें आपणांस सहज उमगेल.

रीडचे रोखठोक शब्द आणि केलचा तो अखंड स्वर यांच्या मिलाफांतून १९६५ च्या सुमारास 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' हा वाद्यमेळा उभा राहिला. गिटार वाजविणारा स्टर्लिंग मॉरिसन आणि तालवाद्यें सांभाळणारी मॉरीन टकर हीं त्यांचीं साथीदार. या मेळ्याला आश्रय दिला तो चित्रकार अँडी वॉरहॉल यानें. वॉरहॉलचे आईबाप मध्य युरोपांतून येऊन पिट्सबर्गला स्थायिक झालेले कष्टकरी लोक होते. जाहिरातींचीं चित्रें काढीत काढीत त्यानें कलाजगतांत मोठें नांव मिळविलें होतें. १९६७ च्या मार्चमध्यें मेळ्याची पहिली तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावरील वॉरहॉलचें पिवळें केळें पुढें जगप्रसिद्ध झालें. पण तबकडी मात्र त्या वेळीं फारशी खपली नाहीं.

यानंतरचा इतिहास दुराव्याचा आहे. त्याच वर्षीं रीडनें वॉरहॉलला मेळ्याच्या कारभारांतून दूर केलें. ३ जून १९६८ रोजीं व्हॅलरी सोलानस या बाईनें वॉरहॉलवर गोळ्या झाडल्या. तो मरतां मरतां वांचला. पुढें सप्टेंबर महिन्यांत रीडनें मॉरिसन व टकर यांना एका उपाहारगृहांत बोलावलें आणि केल राहणार असेल तर मेळाच मोडून टाकीन, असें बजावलें. केलला हा निरोप पोंचविण्याचें अप्रिय काम मॉरिसनच्या माथीं आलें. आश्रयदाता गेला, सहकारी गेला, आणि १९७० सालीं खुद्द रीडहि मेळा सोडून निघून गेला.

२२ फेब्रुवारी १९८७ रोजीं, पित्ताशयावरील शस्त्रक्रियेनंतर, वॉरहॉल इस्पितळांत वारला. त्या वेळीं तो ५८ वर्षांचा होता. १ एप्रिल रोजीं न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्यें त्याच्यासाठीं प्रार्थनासभा झाली. तेथें रीड आणि केल समोरासमोर आले. अँडीसाठीं तुम्ही दोघांनीं मिळून कांहीं तरी रचावें, असें चित्रकार जूलियन श्नाबेल यानें त्यांना सुचविलें, आणि दोघांनीं तें मनावर घेतलें.

त्यांतून पंधरा गाण्यांची माळ तयार झाली. 'ड्रेला' हें वॉरहॉलचें टोपणनांव ड्रॅक्युला आणि सिंड्रेला या दोन नांवांची मोडतोड करून मित्रमंडळींनीं बनविलें होतें. एक रक्त शोषणारा उमराव, दुसरी चुलीपाशीं राखेंत बसणारी पोर! वॉरहॉलला हें नांव आवडत नसे. १९८९ च्या जानेवारींत ब्रुकलिनच्या सेंट ॲन चर्चमध्यें हीं गाणीं अपुऱ्या स्वरूपांत सादर झालीं. वर्षअखेरीस ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्यें त्यांचा संपूर्ण प्रयोग झाला, आणि १९९० च्या एप्रिलमध्यें तबकडी बाहेर पडली. तींत तालवाद्य नाहीं कीं दुसरा कोणी साथीदार नाहीं. रीडची गिटार, केलचीं पेटीवजा वाद्यें व व्हायोला, आणि दोघांचे कंठ, एवढाच संभार. त्यामुळें कोणाच्या आड लपण्यास दोघांपैकीं कोणालाहि जागा राहिली नाहीं.

श्रोतेहो, मृतांच्या स्मरणार्थ केलेल्या रचना बहुधा अर्धसत्य असतात. गेलेल्याचे दोष झांकण्याच्या निमित्तानें राहिलेले लोक आपलेहि दोष झांकून घेतात. येथें तसें झालेलें नाहीं. बहुतेक गाणीं खुद्द वॉरहॉल बोलत आहे अशा रीतीनें रचलीं आहेत. लहान गांवांत जीव घुसमटणारा मुलगा, अहोरात्र कामाचा उपदेश करणारा कलावंत, असें करीत करीत कथा त्या गोळीबारापर्यंत येते. तेथें घायाळ वॉरहॉल विचारतो कीं, तुम्ही मला भेटावयास कां आलां नाहीं? ही विचारणा ज्यानें लिहिली, तो रीडच त्या वेळीं भेटीस गेला नव्हता.

याहून विलक्षण आहे तो 'अ ड्रीम' नांवाचा भाग. हें गाणें नसून गद्य आहे. वॉरहॉलची रोजनिशी १९८९ सालीं प्रसिद्ध झाली; तिच्याच धर्तीवर हें स्वगत बेतलें आहे, आणि त्यांत वॉरहॉल रीडविषयींचा आपला राग मोकळेपणानें बोलून दाखवितो. वाचतो कोण? तर केल. रीडनें लिहावें आणि केलनें वाचावें, ही तोड या दोघांनीं १९६८ च्या 'द गिफ्ट'मध्येंहि योजिली होती. पण त्या वेळीं ती एक विनोदी भयकथा होती. आतां, ज्याला आपण मेळ्यांतून घालविलें त्याच्याच तोंडून, मृत मित्राच्या शब्दांत, रीड स्वतःची निंदा ऐकवीत आहे. केलनेंहि तबकडीसोबतच्या टिपणांत बहुतेक श्रम रीडचे असल्याचें मोकळ्या मनानें मान्य केलें. शेवटच्या गाण्यांत मात्र सोंग उतरतें, आणि रीड स्वतःच्या नांवानें गेलेल्या मित्राशीं बोलतो. सांगावयाचें तें वेळेवर सांगितलें नाहीं, ही त्या बोलण्यांतली खंत आहे.

वॉरहॉलचें चरित्र म्हणून ही ध्वनिमुद्रिका जपूनच वापरली पाहिजे. त्याच्या तोंडीं घातलेले शब्द अखेर दुसऱ्यांचे आहेत. परंतु मागें राहिलेल्या दोघांच्या मनाची साक्ष म्हणून तिची योग्यता मोठी आहे.

मग मैत्री पुन्हां जुळली काय? नाहीं. काम आटोपतें न आटोपतें तोंच रीडबरोबर पुन्हां काम करणें नको, असें केलला वाटूं लागलें. तरी १५ जून १९९० रोजीं पॅरिसजवळ, वॉरहॉलच्या प्रदर्शनाच्या वेळीं, मेळ्याचे चौघेहि एका गाण्यापुरते एकत्र आले. १९९३ सालीं त्यांनीं युरोपचा दौराहि केला. पण वर्ष संपण्यापूर्वींच पुन्हां फाटलें. १९९५ सालीं मॉरिसन वारला, आणि २७ ऑक्टोबर २०१३ रोजीं रीड गेला.

दोघांचीं मनें शेवटपर्यंत जुळलीं नाहींत, पण त्यांनीं मिळून केलेलें काम मात्र खोटें ठरलें नाहीं. वैर मिटेपर्यंत वाट पाहिली असती, तर हीं पंधरा गाणीं कधींच झालीं नसतीं. आपल्यापैकीं कोणाचा असा एखादा जुना सोबती दुरावला असेल, तर त्याच्याशीं बोलण्यासाठीं कोणाच्या तरी मरणाची वाट पाहूं नये, एवढेंच सुचवून आपली रजा घेतों.