थट्टेची परंपरा आणि आपला समाज

धर्मसमजुतींची थट्टा करण्याची रीत इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली, असे आपल्या मंडळींत वारंवार बोलले जाते. हे खरे नव्हे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकातच भारुडांतून भुत्या, जोशी, गोंधळी यांची सोंगे उभी केली आणि ढोंगी साधूंसही सोडले नाही. पिंपळनेरास सप्ताहात भारूड ऐकून पोट धरून हसलेली मंडळी घरी जाऊन त्याच रात्री मुलास अंगारा लावीत, हा भाग निराळा!

इ. स. 1855 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यातील जोशी एका गरोदर कुणबिणीस ग्रहांची भीती घालतो आणि तिच्या नवऱ्याच्या पदराला खार लावून अनुष्ठान व भोजन उपटतो. मधूनमधून विदूषक येतो व जोशाच्या लबाडीवर नेमके बोट ठेवतो. अखेरीस ते जोडपे शिकावयास जाण्याचे ठरविते. नाटक पाहणारा त्या भ्यालेल्या बाईस हसत नाही. तो हसतो भीतीच्या व्यापारास. आमच्या मते नाटकाचे सारे मर्म येथेच आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नापसंत केले, आणि छापील स्वरूपात वाचकांच्या हाती पडण्यास त्याला 1979 साल उजाडावे लागले. पुढे 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या जलशांनी हाच विषय तमाशाच्या बाजात खेडोपाडी नेला.

हे कार्य एकट्या ब्राह्मणेतरांनीच केले, असेही नाही. 1902 पासून ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या या त्रिकुटाकरवी आपल्याच पांढरपेशा वर्गाच्या रूढींची टर उडविली. सुदामा रूढीचा कैवार घेतो, आणि तो कैवार जसजसा वाढतो तसतशी रूढीच उघडी पडते.

परंतु या सर्वांत आम्हांस श्रेष्ठ वाटतात ते गाडगे महाराज. दिवसा खराट्याने गाव झाडावे आणि रात्री कीर्तनास उभे राहावे, हा त्यांचा क्रम. ते उपदेश थोडा करीत, प्रश्न फार विचारीत. देवापुढे बकरे कशाला कापता? सणासाठी ऋण कशाला काढता? उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत, आणि हशा पिकला की तो श्रोत्यांचा स्वतःवरचाच हशा असे. पायाला हात लावू पाहणाऱ्यास ते काठीचा प्रसाद देत. 20 डिसेंबर 1956 रोजी ते निवर्तले, तोवर त्यांनी ना भजन सोडले ना थट्टा.

सत्तेची थट्टा तमाशाच्या वगात जुनीच. 1965 मध्ये वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. दादा कोंडके हवालदाराच्या वेषात ताज्या राजकारणावर कोट्या करीत आणि लोक हसत. 1972 मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ आले तेव्हा मात्र प्रकरण वेगळे झाले. नाना फडणवीसांची आणि एका जातीची बदनामी झाली, असा गिल्ला झाला. हे इतिहासाचे नाटक नव्हे, असे नाटककाराने सांगूनही उपयोग झाला नाही. थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने ते बंद केले. पुढे थिएटर अकादमीने ते पुन्हा उभे केले व 1980 मध्ये युरोपात नेले. जातीच्या अब्रूचा प्रश्न निघाला की हसणे थांबते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा प्रश्न आता आपल्याही दारी आला आहे. पत्रिकेवरून सोयरिकी मोडणारे आणि मुहूर्तापायी वऱ्हाड उन्हात ताटकळत ठेवणारे व्याही, यांच्यावर तरुण मंडळींनी एक प्रहसन रचले आहे. संमेलनात ते होऊ नये, समाजाची नाचक्की होईल, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. आम्ही संहिता वाचली. हुंडा देऊ न शकलेल्या बापास हसणारा एक प्रवेश तेवढा गाळावा, बाकी प्रयोग जसाच्या तसा व्हावा, असे आम्ही कार्यकारिणीस लेखी कळविले आहे. मुहूर्ताचे वेड लागलेल्या व्याह्याच्या भूमिकेस अद्याप कोणी मिळाले नाही. ती करण्यास आम्ही तयार आहोत, हेही त्याच पत्रात लिहिले आहे.