जॉर्जियातील एक न्यायासन

अमेरिकेच्या संघराज्यात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश निवडण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा खरा, परंतु सिनेटची मंजुरी पडेपर्यंत ती निवड म्हणजे नुसती शिफारसच असते; आणि आपल्याकडे जी गोष्ट राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्यानिशी दफ्तराच्या चार भिंतींत उरकते, तीच तिकडे भर सभागृहात, वृत्तपत्रांच्या डोळ्यांदेखत, उमेदवाराच्या उभ्या आयुष्याची झडती घेऊन पार पाडली जाते. ही झडती उमेदवाराची असते असा सर्वसाधारण समज आहे. पण सिनेटची मतनोंद जरा बारकाईने वाचली, तर उमेदवारापेक्षा पक्षांचेच अंतरंग तिच्यात अधिक उघडे पडलेले दिसते, आणि पाटी तीच ठेवून दुकानातला माल कसा बदलत गेला, याचा इतका चोख जमाखर्च निवडणुकांच्या आकड्यांतही सापडत नाही. १९६८ सालचे एब फोर्टस यांचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे.

त्या वर्षी १३ जूनला सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडे निवृत्तीचे पत्र धाडले. रॉबर्ट केनेडी यांच्या मृत्यूला जेमतेम आठवडा लोटला होता. आपण पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नाही असे जॉन्सन यांनी ३१ मार्चलाच जाहीर करून टाकले होते. आणि रिपब्लिकन पक्षात रिचर्ड निक्सन यांचा तारा झपाट्याने वर चढत होता. वॉरन आणि निक्सन दोघेही कॅलिफोर्नियाचे, एकाच पक्षात वाढलेले, आणि एकमेकांचे जुने वैरी. तेव्हा आपला वारस निक्सन यांच्या हातून नेमला जाऊ नये हा म्हाताऱ्या सरन्यायाधीशांचा हिशेब कोणापासून लपून राहण्यासारखा नव्हता. २६ जूनला जॉन्सन यांनी फोर्टस यांचे नाव पाठवले. ते मंजूर झाले असते, तर सरन्यायाधीशपदी बसणारे ते पहिले ज्यू गृहस्थ ठरले असते.

फोर्टस यांची विद्वत्ता वादातीत होती. क्लॅरन्स गिडियन नावाच्या एका निष्कांचन कैद्याचे वकीलपत्र न्यायालयाच्या सांगण्यावरून घेऊन, गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर तो सरकारने दिलाच पाहिजे, हा सिद्धान्त त्यांनी १९६३ साली प्रस्थापित करून घेतला होता. परंतु त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, टेक्सासमधील अवघ्या ८७ मतांच्या निसटत्या विजयावरून जॉन्सन यांच्यामागे कोर्टकचेरीचे शुक्लकाष्ठ लागले, तेव्हा त्यांना त्यातून सोडवणारेही हेच फोर्टस होते. १९६५ मध्ये न्यायासनावर बसल्यावरही राष्ट्राध्यक्षांच्या खाजगी मसलतीतले त्यांचे उठणेबसणे थांबले नाही. न्यायमूर्तीने व्हिएतनामच्या लढाईवर हुजुरात सल्ला द्यावा, हे कोणत्याही मापाने शोभणारे नव्हते, आणि विरोधकांना या बाबतीत काही बनावट रचावे लागले नाही, हे फोर्टस यांच्या चाहत्यांनीही कबूल करायला हवे.

तरीही फोर्टस यांचा पाडाव झाला तो या दोषामुळे असे मला वाटत नाही. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील गोरा मतदार डेमोक्रॅटिक पक्षाला असा चिकटला की, तेथे रिपब्लिकन उमेदवार निवडून येणे हीच एक नवलाई होऊन बसली. पुन्हा पुन्हा निवडून आल्यामुळे दक्षिणेचे सिनेटर ज्येष्ठ होत, आणि ज्येष्ठतेमुळे समित्यांची अध्यक्षपदे वतनासारखी त्यांच्याकडे चालत येत. १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सर्वोच्च न्यायालयात सहापर्यंत जादा न्यायाधीश घालण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांच्याच पक्षातले अनेक मातब्बर उलटले, आणि जुलैमध्ये ती योजना ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत गेली. त्या लढ्यात दाक्षिणात्य डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांच्यात जे अलिखित सख्य जुळले, ते पुढे तीस वर्षे टिकले. बारभाईंचा इतिहास ज्याला पाठ आहे, त्या मराठी वाचकाला या सख्याची जात निराळी समजावून सांगायला नको. मात्र बारभाईंना निदान एक समान शत्रू समोर दिसत होता, येथे तर शत्रू स्वतःच्याच पक्षाचा अध्यक्ष होता.

हा सिनेटचा दरबार जॉन्सन यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता, कारण राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी ते तेथील बहुमताचे नेते होते. त्यांचा हिशेब दोन माणसांवर बेतलेला होता: रिपब्लिकनांचे नेते इलिनॉयचे एव्हरेट डर्कसन, आणि दाक्षिणात्यांचे सरदार जॉर्जियाचे रिचर्ड रसेल. रसेल यांनी जॉन्सन यांना हाताला धरून सिनेटमध्ये वाढवले होते. त्यांची राष्ट्राध्यक्षांकडे एकच लहानशी मागणी होती. सव्हाना येथील वकील अलेक्झांडर लॉरेन्स यांना जॉर्जियातील संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश नेमावे. लॉरेन्स यांनी दहा वर्षांपूर्वीच्या एका भाषणात सर्वोच्च न्यायालयावर कडक टीका केली होती, म्हणून नागरी हक्कांच्या पुरस्कर्त्यांनी हरकत घेतली, आणि महाधिवक्ता रॅम्झी क्लार्क यांच्या कचेरीत तो कागद महिनोन्‌महिने तुंबून राहिला. १ जुलैला रसेल यांनी जॉन्सन यांना पत्र लिहिले: लॉरेन्स यांची नेमणूक फोर्टस यांच्या बाजूच्या मतासाठी ओलीस ठेवली जात आहे असा त्यांचा ग्रह झाला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांबाबत दिलेल्या शब्दातून आपण मोकळे झालो, असे त्यांनी कळवून टाकले. जॉन्सन यांनी तातडीने नेमणूक पुढे धाडली, विनवण्या केल्या. पण वीस वर्षांचा स्नेह त्या पत्रानंतर पूर्ववत झाला नाही. पत्र हे निमित्त असेलही. १९६४ आणि १९६५ चे नागरी हक्कांचे कायदे जॉन्सन यांनी मंजूर करून घेतले, त्याच वेळी दक्षिणेची आणि त्यांची वाट वेगळी झाली होती, आणि निघायला बहाणा हवा होता एवढेच.

जुलैमध्ये न्याय समितीपुढे सुनावणी झाली. सरन्यायाधीशपदासाठी सुचवलेला माणूस समितीसमोर जातीने हजर राहण्याची ही पहिलीच वेळ. दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झालेले, म्हणजे पुढे ज्या वाटेने सारी दक्षिण जाणार होती त्या वाटेवरचे वाटाडेच. त्यांनी मॅलरी नावाच्या एका आरोपीचा खटला उकरून काढला. अटकेनंतर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्यात दिरंगाई झाली म्हणून बलात्काराच्या आरोपातून त्याची सुटका झाली होती. थर्मंड ते नाव पुन्हा पुन्हा ओरडून विचारत राहिले, आणि फोर्टस काही क्षण नुसते गप्प बसले. गंमत अशी की तो निकाल १९५७ चा, फोर्टस न्यायासनावर येण्याच्या आठ वर्षे आधीचा. एवढ्यावर न थांबता थर्मंड यांनी अश्लील म्हणून गाजलेले चित्रपट आणवून सिनेटर आणि वार्ताहर यांना खास खेळ करून दाखवले. वॉशिंग्टनच्या वार्ताहरांनी त्याचे 'फोर्टस चित्रपट महोत्सव' असे बारसे केले. मग सप्टेंबरात कळले की, एका विद्यापीठातील उन्हाळी व्याख्यानांबद्दल फोर्टस यांना १५,००० डॉलर मिळाले आणि ती रक्कम त्यांच्या जुन्या भागीदाराने धनिकांकडून गोळा केली होती. डर्कसन यांनी हात काढून घेतला.

नाव मतास येऊच नये म्हणून विरोधकांनी सभागृहात चर्चा लांबवत नेली, आणि १ ऑक्टोबरला ती थांबवणारा चर्चाबंदीचा ठराव मतास आला. बाजूने ४५, विरुद्ध ४३. साधे बहुमत मिळाले, पण दोनतृतीयांश, म्हणजे ५९ मते हवी होती. विरोधी ४३ मतांत २४ रिपब्लिकन, आणि उरलेले १९ राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे, बहुतेक दक्षिणेकडील. फोर्टस यांनी आपले नाव मागे घ्यायला सांगितले. पुढच्या मे महिन्यात, दुसऱ्याच एका मानधनाच्या भानगडीत, त्यांनी न्यायासनाचाही राजीनामा दिला.

निक्सन यांनी त्या रिकाम्या जागेवर दक्षिणेचे क्लेमंट हेन्सवर्थ सुचवले, ते ५५ विरुद्ध ४५ मतांनी पडले, त्यात १७ रिपब्लिकनच उलटलेले. मग फ्लॉरिडाचे हॅरल्ड कार्सवेल, तेही ५१ विरुद्ध ४५ ने गेले. दोन पराभव पत्करूनही निक्सन यांचे काही बिघडले नाही, कारण दक्षिणेच्या मतदाराला कोणाची बाजू कोण घेते हे स्पष्ट दिसले. पुढे १९८७ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाने सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेले रॉबर्ट बोर्क यांचे नाव ५८ विरुद्ध ४२ मतांनी नामंजूर झाले, तेव्हा जुन्या बंडखोर राज्यांच्या डेमोक्रॅटिक सिनेटरांपैकी एकट्या हॉलिंग्ज यांनी बोर्क यांना मत दिले. मताधिकार मिळालेल्या कृष्णवर्णीयांच्या जोरावर निवडून आलेले बाकीचे सारे विरोधात गेले. थर्मंड बोर्क यांच्या बाजूला होते.

सव्हानाचे लॉरेन्स यांची नेमणूक मात्र सिनेटने १९६८ च्या त्याच उन्हाळ्यात मंजूर केली, आणि १९७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या जागेवर होते.