भावी प्राणिसृष्टीची कल्पना आणि भूतकाळाची साक्ष

उत्क्रांतीचा अभ्यास हा मुळात इतिहासाचा अभ्यास होय. अशा शास्त्राला भविष्याविषयी काही बोलता येईल काय, हा प्रश्न डूगल डिक्सन या स्कॉटिश लेखकाच्या ‘आफ्टर मॅन’ (१९८१) या ग्रंथाने उभा केला. मानवजात नष्ट झाल्यानंतर पाच कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील, याचे सचित्र वर्णन त्यात आहे. एच. जी. वेल्स यांनी ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) दूरच्या भविष्यातील अजस्र खेकडे रंगविले होते, परंतु ती कादंबरी होती. डिक्सन यांनी प्राणिशास्त्रीय ग्रंथाची भाषा स्वीकारली. त्यामुळे त्यांना शास्त्राचीच कसोटी लावणे न्याय्य ठरते.

या सृष्टीत हरणांची जागा सशांच्या वंशजांनी घेतली आहे. यात असंभवनीय काही नाही. दक्षिण अमेरिकेतील मारा हा कृंतक प्राणी आजही लांब पायांवर हरणासारखा धावतो. पुढच्या पायांवर चालणारे, उड्डाण विसरलेले हिंस्र वटवाघूळ मात्र प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते. (प्रस्तुत लेखकालाही तसेच वाटले होते.) परंतु रक्तपिपासू वटवाघळे पुढच्या अवयवांच्या बळावर धावतात, हे २००५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. तथापि पूर्णपणे उड्डाणहीन झालेले एकही वटवाघूळ, जिवंत वा जीवाश्मरूपात, आजवर आढळलेले नाही.

खरी अडचण पेंग्विनची आहे. डिक्सन त्याला देवमाशाएवढा करून कायमचा समुद्रात नेतात आणि पिल्लू बाहेर पडेपर्यंत अंडे मादीच्या शरीरातच ठेवतात. सरडे व सर्प यांच्यात पिल्लांना जन्म देण्याची क्षमता शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली. पक्ष्यांच्या सुमारे दहा हजार जातींत ती एकदाही आढळत नाही. म्हणजे येथे अडसर आकाराचा नसून वंशाचा आहे.

जीवनाची फीत पुन्हा लावली तर निराळेच चित्र दिसेल, असे स्टीफन जे गोल्ड यांनी १९८९ मध्ये प्रतिपादिले. सायमन कॉनवे मॉरिस यांनी २००३ मध्ये त्याच्या उलट, समान परिस्थितीत समान रूपे पुनःपुन्हा प्रकटतात, असा पक्ष मांडला. ससा व मारा मॉरिस यांच्या बाजूने साक्ष देतात. पेंग्विनची साक्ष गोल्ड यांच्याकडे झुकते. समुद्री कासवांचे पूर्वज दहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी सागरवासी झाले. तरीही त्यांच्या माद्या अंडी घालण्यासाठी आजही किनाऱ्यावरच येतात.