हौशी यंत्रकामासाठी कॅड-कॅम : 'मोफत' म्हणजे नेमके किती?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला यंत्रकामाची परंपरा आहे. कायनेटिक इंजिनीअरिंगची 'लुना' याच शहरात घडली; नागापूर औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंगची कामे होतात. सुटीच्या दिवशी घरच्या छोट्या सीएनसी यंत्रावर हात चालविणाऱ्यापुढे मात्र पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो. कॅडमध्ये भागाचा आराखडा तयार होतो. कॅम त्यावरून हत्याराचा मार्ग ठरवून यंत्राला समजणारा जी-कोड लिहिते. चोरीची प्रत हा सोपा वाटणारा मार्ग. पण ती जाणूनबुजून वापरणे हा प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार गुन्हा आहे.

हौशी मंडळींत लोकप्रिय असलेल्या ऑटोडेस्क फ्यूजनचा वैयक्तिक परवाना विनामूल्य आहे. मात्र ऑक्टोबर २०२० पासून त्याला कात्री लागली. संपादन करता येणारे आराखडे एका वेळी दहाच. हत्यार हवेतून सरकतानाही कापण्याच्याच वेगाने सरकते. एकाच प्रोग्रॅममध्ये हत्यारे बदलता येत नाहीत. वर्षाचे उत्पन्न एक हजार डॉलरच्या आत असावे, ही अटही आहे. म्हणजे शेजारच्या वर्कशॉपची कामे पैसे घेऊन नियमित करू लागताच परवान्याचा प्रश्न उभा राहतो. लिनक्सवर ही प्रणाली अधिकृतपणे चालत नाही.

२००२ पासून विकसित होत असलेल्या मुक्त फ्रीकॅडला अशा अटी नाहीत. तिच्यावर केलेले काम विकताही येते. पूर्वी जुन्या रेखाटनात बदल केला की पुढची रचना अनेकदा कोलमडत असे. नोव्हेंबर २०२४ मधील १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला. शिकायला वेळ लागतो, हे खरे. केवळ नामफलक किंवा लाकडावरील नक्षी कोरायची असेल, तर इंकस्केप आणि त्यातील जीकोडटूल्स पुरेसे आहेत.

निवड करताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात. आराखडा 'स्टेप' स्वरूपात बाहेर काढता येतो का? आणि आपल्या यंत्राच्या नियंत्रकासाठी, मग तो जीआरबीएल असो वा लिनक्ससीएनसी, योग्य पोस्ट-प्रोसेसर आहे का? चार छिद्रे आणि एक खाच असलेली पट्टी प्रत्येक प्रणालीत करून पाहिल्यास फरक लगेच कळतो. पहिली फेरी हत्यार वर उचलून हवेतच घ्यावी आणि फाइलच्या सुरुवातीला जी२१, म्हणजे मिलिमीटरची आज्ञा, आहे ना ते तपासावे. तिथे जी२० असेल तर यंत्र तेच आकडे इंच समजून २५.४ पट सरकते.