येळवस

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व महिन्यांत मार्गशीर्ष आपला म्हटला. बंगालात त्यालाच अग्रहायण म्हणतात. नव्या भाताचा 'नवान्न' सण तिकडे याच महिन्यात. पहिला घास देवाला, पितरांना, कावळ्यालाही.

आमच्या तामलवाडीच्या शिवारात मार्गशीर्षाची अमावास्या म्हणजे येळवस. कानडी मुलखात तीच 'एळ्ळ अमावास्या', एळ्ळु म्हणजे तीळ. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड, तेच पांडव. भज्जी, उंडे, आंबिल यांचा नैवेद्य. मग आंबिल पिकावर शिंपायची. वाटसरूलाही हाताला धरून जेवायला बसवायचे. नवान्नाला धान्य घरात आलेले असते, इथे ज्वारी अजून रानात उभी. पदरात काही पडण्याआधीच काळ्या आईला जेवू घालायचे, ही रीत मला थोर वाटते.

१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून गेली. पुढच्याच वर्षी बिजन भट्टाचार्यांचे त्यावरचे नाटक रंगभूमीवर आले, नाव 'नवान्न'च.

आपल्याकडे १९७२. माणसे खडी फोडायला गेलेली, शिवार उघडे. त्या येळवशीलाही वडिलांनी पाच दगड मांडले. रेशनच्या मिलोच्या पिठाची पातळ आंबिल केली होती. शिंपायला पीक नव्हते, ती त्यांनी ढेकळांवर शिंपली.